घुगरीसकट

"हेसुद्धा काढावं लागेल," मी म्हणाले.

होमलीबाईंनी गळ्यातली हांसळी काढली होती, बोटांतल्या अंगठ्या काढल्या होत्या आणि दाराजवळच्या स्टीलच्या ट्रेमध्ये एकेक करून, आवाज होणार नाही अशा बेतानं ठेवल्या होत्या. आता मी त्यांच्या कानांकडे बोट केलं. कानांच्या वर, केसांच्या बटांत गुंफलेले चांदीचे दोन जड झुबके गालांवर लोंबत होते. त्यांना घुगरी म्हणतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

"हे नाई निघत," त्या म्हणाल्या.

"मी मदत करते. दोऱ्यानंच बांधलंय ना?"

मी हात पुढे केला तशा त्या मागे सरकल्या. गाडी लहान होती. दोन पावलांतच त्यांची पाठ पत्र्याला टेकली.

"दोन मिनिटांचं काम आहे, होमलीबाई. फोटो झाला की लगेच परत घाला."

"परत घाला म्हंते," त्या स्वतःशीच पुटपुटल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. ट्रेमधली हांसळी उचलली, अंगठ्या मुठीत घेतल्या, ओढणी डोक्यावरून पुढे ओढली आणि लोखंडी पायऱ्या उतरून त्या निघून गेल्या.

मी रजिस्टर उघडलं. लोणझरी तांडा, होमली गेमसिंग चव्हाण, वय सेहेचाळीस. शेवटच्या रकान्यात लिहिलं: नकार.

दहाच मिनिटांपूर्वी मी हातानं तपासणी केली होती. डाव्या स्तनात, वरच्या बाहेरच्या बाजूला, चिंचोक्याएवढी गाठ होती. कडक आणि बोटाखाली न सरकणारी. चार महिन्यांपासून आहे, असं त्यांनी सांगितलं होतं. आणखी चार महिन्यांनी काय होऊ शकतं हे त्यांना माहीत नव्हतं, मला माहीत होतं.

याला आता एकोणीस वर्षं झाली. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. मिरजेला भौतिकशास्त्रात पदवी घेऊन पुढे क्ष-किरण तंत्राची पदविका केली होती आणि एका संस्थेच्या फिरत्या तपासणी गाडीवर तंत्रज्ञ म्हणून नोकरी करत होते. गाडीत स्तनांचा एक्स-रे काढायचं यंत्र होतं, फिल्म धुवायला कपाटाएवढी अंधारी खोली होती. गावोगाव जायचं, तीन दिवस मुक्काम करायचा, चाळिशीपुढच्या सगळ्या बायकांचे फोटो काढायचे आणि फिल्म अकोल्याच्या डॉक्टरांकडे पाठवायच्या. फिल्मवर काही दिसलं तर पुढचे उपचार संस्था करी. फिल्म नसेल तर उपचारांसाठी चिठ्ठी देण्याची मला मुभा नव्हती.

गाडीच्या दारावर पाटी होती. ती पुण्याच्या कार्यालयात रंगवून आली होती आणि मी ती रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसत असे. 'पावडर लावून येऊ नये. मंगळसूत्र मागे पाठीवर सोडावे. बाकी सर्व दागिने काढून ठेवावेत.'

लोणझरीत गाडी शाळेच्या पटांगणात उभी होती. पटांगणाच्या एका अंगाला गाव, दुसऱ्या अंगाला तांडा. गावातल्या बायका रांगेत येत होत्या, मंगळसूत्र पाठीवर टाकत होत्या, फोटो काढून जात होत्या. तांड्यातल्या बायका कडुनिंबाखाली बसून लांबूनच गाडीकडे बघत होत्या. काही वरपर्यंत येत, मी दागिन्यांचा ट्रे पुढे केला की परत फिरत. का, हे त्या सांगत नव्हत्या. शेऱ्यात मी 'भीती, गैरसमज' असं लिहीत होते.

आणि एक झमकीबाई होत्या. तांड्यातल्याच, साठीच्या, काटक, अंगावर साधं लुगडं. पहिले दोन्ही दिवस सकाळपासून त्या गाडीच्या शेवटच्या पायरीशी ठाण मांडून बसल्या होत्या आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक बाईला थांबवून विचारत होत्या.

"कुठून दाबलं? वरून का बाजूनं?"

"बाजूनं बी अन् वरून बी," एखादी सांगायची.

"हात कुठी धराले लावला?"

"दांडीले."

"अन् डोकं? डोकं कुठी व्हतं?"

मी आतून ऐकत होते आणि वैतागत होते. दुसऱ्या दिवशी मी आमच्या ड्रायव्हर इस्माईलभाईला म्हटलंसुद्धा, "त्या बाईंना जरा लांब बसवा. त्यांच्यामुळे बायका घाबरतात."

"ताई, मी सांगितलं त्यांना," इस्माईलभाई म्हणाला. "मलाच विचारू लागल्या, तुझ्या इंजिनाचं झाकण किती बोल्टांचं आहे. मी निमूट परत आलो."

दुसऱ्या दिवशी दुपारी रांग संपली. मी रिकामी होते म्हणून आकडे मांडायला घेतले. गावातल्या अठ्ठ्याऐंशीपैकी एकसष्ट झाल्या होत्या. तांड्यातल्या चौऱ्याहत्तरपैकी सात. त्या सातजणींची नावं मी पुन्हा एकदा वाचली, वय पाहिलं, मुलं पाहिली. मग 'वैवाहिक स्थिती' या रकान्यावर माझं बोट थांबलं.

विधवा. विधवा. विधवा. साती ठिकाणी तेच.

सात हा आकडा लहान असतो. एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये असं मला शिकवलं होतं. पण गावातल्या एकसष्टांमध्ये विधवा नऊच होत्या, आणि तांड्यातल्या सातांमध्ये सातही. हा योगायोग नव्हे एवढं कळत होतं. त्यापुढचं काही कळत नव्हतं. संध्याकाळी मी इस्माईलभाईला घेऊन होमलीबाईंच्या घरी गेले. त्या चुलीशी होत्या. मी समजावलं, गाठ लहान आहे तोवरच फायदा असतो म्हणून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा दिला.

"मले मराचं नाई हाये, बाई," त्या म्हणाल्या. "पर ते काढाले नको सांगू."

"पण का?"

त्या चुलीकडे वळल्या आणि लाकडं आत सारू लागल्या.

तिसऱ्या दिवशी, शेवटच्या दिवशी, सकाळी पहिल्या नंबरला झमकीबाई स्वतःच आत आल्या.

"लिही. झमकी धनसिंग राठोड. वय साठ लिही. जास्त असन तर यमाले माहीत."

"आज तुमची चौकशी संपली वाटतं?" मी जरा तिरकसपणे म्हटलं.

त्या हसल्या. "तुले राग आला व्हता. पाह्यलं म्या. पर तुले विचारून काय फायदा? तुले पाटीवरचं येते. बायांले अंगावरचं येते."

त्या स्टुलावर बसल्या आणि यंत्राकडे नीट, खालपासून वरपर्यंत पाहू लागल्या.

"साठ बाया विचारल्या म्या. एकीचं बी डोकं या दोन फळ्यांच्या मंधात गेलं नाई. मंग डोक्याचं काऊन काढाले लावतं?"

"डोकं यंत्राला चिकटून असतं," मी सांगितलं. "मान कलली की लोंबणारा दागिना पुढे येतो. मध्ये आला की फोटोत त्याची पांढरी सावली पडते. मग खरी गाठ त्याच्यामागे लपते."

"लोंबलं तर."

"हो."

"अन् नाई लोंबलं तर?"

दोन वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

"नियम आहे तसा," मी म्हणाले.

"गावातल्या बायांचं डोरलं सोन्याचंच असते न? त्याची नाई पडत सावली?"

"पडते. पण ते पाठीवर टाकलं की—"

मी मध्येच थांबले. झमकीबाई माझ्याकडे पाहत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा भाव नव्हता. एखादं पोर उत्तराच्या जवळ आलंय, त्याला घाई करू नये, असं काहीतरी होतं.

"ते डोरलं काढाले कोणी नाई सांगतलं," त्या सावकाश म्हणाल्या. "पाटी लिवनाऱ्याच्या घरात डोरलं असन, म्हून त्याले समजलं. घुगरी कोनाच्या घरात व्हती?"

"घुगरी म्हणजे..."

"होमली सांगनार नाई तुले. तिच्या तोंडातून ते निघूच शकत नाई. आमची बाई घुगरी कधी काढते, सांगू? नवरा गेल्यावर. अन् हे बोलाचं म्हंजे जित्या नवऱ्याचं मरण बोलाचं. कोन बोलन? मले बोलता येते. माहा गेला. बावीस वर्सं झाली."

रजिस्टर माझ्यासमोर उघडंच होतं. त्या सात ओळींकडे मला पाहवेना.

"पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत मला?" मी विचारलं.

"अन् तू 'बरं, राहू द्या' म्हनली असती, अन् होमलीचा फोटो बिघडला असता तर? एकदा हिंमत करून आलेली बाई दुसऱ्यांदा येते का? अन् बाकीच्या? त्या म्हनल्या असत्या, पाह्य, घुगरीनंच बिघडलं." त्यांनी मान हलवली. "आधी कोनाच्या तरी अंगावर पाहाले पायजे. म्हून विचारत बसली म्या. काय कुठी येते, ते समजाले पायजे न."

मग त्यांनी कमरेची गाठ सोडली. त्यातून एक जुनी, विटलेली चिंधी काढली आणि उलगडली. आत घुगरीची जोडी होती. चांदी काळी पडली होती, पण घुंगरांच्या कडा घासून चमकवलेल्या दिसत होत्या. ते काम एका दिवसाचं नसावं.

"बांध," त्या म्हणाल्या.

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं.

"झमकीबाई, तुम्हाला चालेल का? तुमच्यात..."

"नाई चालत." त्यांनी पाठ माझ्याकडे केली. "बांध."

"दार लावून घेते."

"आता लाव. मंग उघडू."

मी दार लावलं. त्यांचे केस विरळ झाले होते. बटा धरून दोरा गुंडाळताना माझी बोटं घसरत होती. दोन्ही बाजूंची घुगरी बांधून झाल्यावर मी चार इंची पट्टीचं बंडल घेतलं, दोन्ही झुबके मागे ओढले आणि मानेवर एकत्र करून पट्टीनं गुंडाळले.

"घट्ट बांध," त्या म्हणाल्या. "तुले दया येते अन् गाठ सैल राह्यते."

मी पुन्हा बांधली.

चार फोटो काढायचे असतात, प्रत्येक बाजूचे दोन. झमकीबाई फळ्यांमध्ये उभ्या राहिल्या, दांडी धरली, मी सांगेन तशी मान वळवली. फळी दाबली गेली तेव्हा डोळे मिटून घेतले. तोंडातून आवाज काढला नाही. त्यांची स्वतःची तपासणी व्हायचीच होती. नाहीतर कुणाला काही दाखवून देण्यासाठी मी कुणाच्याही शरीरातून किरण जाऊ दिले नसते. हे मी त्यांना सांगितलं.

"मले वाटलंच तू म्हनशीन," त्या म्हणाल्या. "म्हून माहा नंबर म्या आजपावेतो ठिवला."

अंधाऱ्या कपाटात फिल्म धुवायला आठ मिनिटं लागतात. ती आठ मिनिटं मी घड्याळाकडे पाहत आत उभी होते. ओल्या फिल्म चिमट्यांना अडकवून बाहेर आणल्या आणि दिव्याच्या पेटीवर लावल्या.

"काय दिसते?"

"थांबा." मी भिंग घेतलं. वरचा कोपरा, काखेची बाजू, कडा. एकेक फिल्म दोनदा पाहिली.

"माही चांदी कुठी हाये?"

"कुठेच नाही, झमकीबाई. एकाही फोटोत नाही."

"नीट पाह्य. कोपऱ्यात."

"पाहिलं. नाही."

त्यांनी श्वास सोडला. मग काहीतरी नव्यानं आठवल्यासारखं म्हणाल्या, "अन् माह्या अंगात काही?"

"ते डॉक्टर सांगतील. पण मला काही दिसत नाही."

"बरं झालं. एका खेपेत दोन कामं." आणि त्यांनी चिमट्यासकट एक फिल्म पेटीवरून काढून घेतली. "हे बाहेर नेते."

"आधी घुगरी सोडते, थांबा."

"नको."

दार त्यांनीच उघडलं.

कडुनिंबाखाली तीसचाळीस बायका होत्या. होमलीबाई मागच्या बाजूला बसल्या होत्या. पुढे थावरीबाई होत्या, तांड्याच्या नायकाची बायको; बायकांमध्ये त्यांचा शब्द शेवटचा असे. झमकीबाई पायऱ्या उतरल्या, त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि डोक्यावरचा पदर मागे टाकला.

एका बाईनं तोंडावर पदर घेतला. इस्माईलभाई जनरेटरशी काहीतरी करत होता, त्यानं तोंड फिरवलं.

झमकीबाई त्यांच्या गोरमाटी बोलीत बोलत होत्या. मला शब्द समजत नव्हते, हात समजत होते. त्यांनी आधी डोक्यावर हात नेला, मग मानेवरच्या पट्टीला लावला, मग गाडी दाखवली. मग फिल्म उन्हात वर धरली. तिच्यावरून पाणी त्यांच्या मनगटावर ओघळत होतं. काळ्या फिल्मवरून त्यांनी बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मोकळा तळवा सगळ्यांना दाखवला.

बावीस वर्षांपूर्वी नवरा गेलेली बाई घुगरी बांधून भर उन्हात सगळ्यांसमोर उभी होती, आणि मी दारात उभी राहून विचार करत होते की आता हिला हे लोक काय करतील, आणि यातलं किती माझ्यामुळे झालं.

थावरीबाई उठल्या. झमकीबाईंच्या भोवती एक फेरी मारली. मग मानेमागची पट्टी बोटानं उचलून पाहिली आणि माझ्याकडे बघून मराठीत विचारलं, "हे कोनं बांधलं?"

"मी," मी म्हणाले. "त्यांना दोष देऊ नका. चूक आमच्या पाटीची—"

"बांधता येत नाई तुले," थावरीबाई म्हणाल्या. "होमलीचे केस दाट हायेत. दोन पावलांत सुटन. आन ती पट्टी इकडं." आणि मागे वळून त्यांनी हाक मारली, "होमली! ऊठ."

होमलीबाई उठल्या. बायकांनी वाट दिली.

थावरीबाईंनी त्यांना पायरीवर बसवलं, घुगरी मागे घेतली, पट्टीचे तीन वेढे दिले. दंडातल्या पांढऱ्या बांगड्या, बलिया, काखेकडे सरकतील हे त्यांच्याच लक्षात आलं. त्यांनी कोपराजवळ एक वेढा देऊन त्याही जागच्या जागी बसवल्या. "आता घे," त्या मला म्हणाल्या, "अन् तुही ती ताटली तेवढी बाजूले ठेव."

मी ट्रे उचलून टेबलाखाली सरकवला.

होमलीबाईंच्या फिल्म मी लगेच धुतल्या. चांदीची सावली कुठेच नव्हती. डाव्या बाजूच्या दोन्ही फिल्मवर मात्र एक पांढरा ठिपका होता, आणि त्याच्यातून बारीक किरणांसारख्या रेषा बाहेर गेल्या होत्या. निदान करणं माझं काम नव्हतं. मी लाल शाईनं लिफाफ्यावर 'तातडीचे' लिहिलं आणि चिठ्ठी भरली.

"चांगला आला का वो फोटो?" होमलीबाईंनी विचारलं.

"फार चांगला आला," मी म्हणाले. ते खरं होतं. त्या तीन दिवसांत तेवढी स्वच्छ फिल्म दुसरी निघाली नव्हती. "शुक्रवारी अकोल्याला यायचं. गाडी आम्ही पाठवू. आणि घुगरीसकटच यायचं. मी डॉक्टरांशी बोलून ठेवते."

बोलून ठेवावं लागलंच, एकदा नाही, तीनदा, शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत. होमलीबाई आता पासष्टीच्या आहेत.

त्या दिवशी सूर्य कलेपर्यंत मी आणखी एकतीस बायकांचे फोटो काढले. थावरीबाई दारात बसून पट्ट्या बांधत होत्या. पट्टीची बंडलं संपली तेव्हा कुणीतरी जुनं लुगडं फाडून दिलं. ज्या नावांपुढे मी 'नकार' लिहिलं होतं तिथे एकेक रेघ मारून मी तारीख घातली. पुण्याला त्याच रात्री फोन केला, नवी पाटी हवी म्हणून. ती यायला सात महिने लागले. तोवर मी जुन्या पाटीची शेवटची ओळ खरवडून काढली होती आणि त्याचा जाब विचारणाऱ्या पुण्याच्या साहेबांच्या पत्राला उत्तर दिलं नव्हतं.

सगळ्या गेल्यावर झमकीबाई पुन्हा पायरीवर येऊन बसल्या. सबंध दिवस त्या तशाच वावरल्या होत्या, घुगरी बांधून, प्रत्येक बाईबरोबर दारापर्यंत चालत. माझ्या मनात आलं होतं की एव्हाना त्यांनी कुणाकडून तरी ती सोडवून घेतली असेल. घेतली नव्हती.

"होमलीच्या अंगात हाये न काही?" त्यांनी पुढे बघतच विचारलं.

"मला सांगता येत नाही, झमकीबाई."

"लाल शाई पाह्यली म्या. वेळेत हाये का, तेवढं सांग."

"वेळेत आहे."

त्यांनी मान हलवली. मग पदर खांद्यावर घेतला आणि माझ्याकडे पाठ करून बसल्या.

"आता सोड," त्या म्हणाल्या.

मी वरच्या पायरीवर बसले. आधी पट्टी उलगडली, मग उजव्या बाजूचा दोरा हातात घेतला. गाठ माझीच होती, घट्ट बसली होती. मी नखानं ओढू लागले.

"हळू," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी लई घाईनं सोडली व्हती."